कुंभार्लीच्या चढावर गाडी का ओरडते?

चिपळूणच्या माणसाला पाटण-कराडकडे जायचं तर कुंभार्ली घाट चुकत नाही. आंब्याच्या घाटाचा फेरा घालावा तर दिवस मोडतो. खडपोली, अलोरे, शिरगाव, पोफळी अशी गावं मागे पडली की रस्ता सरळपणा सोडून देतो आणि डोंगराच्या अंगाखांद्यावर चढू लागतो. खाडीच्या गावातून निघालेली गाडी सुमारे दोन हजार फूट वर येते, तेव्हा कुठे हेळवाकच्या बाजूची गार हवा काचेतून आत शिरते.

नवरात्रात हा घाट बघावा. पावसाचा जोर गेलेला असतो, पण पाणी अजून डोंगर सोडून गेलेलं नसतं. कातळावरून बारीक बारीक धारा उतरत असतात. रस्त्याच्या कडेला तेरड्याचा गुलाबी पट्टा आणि वर गेलं की सोनकीची पिवळी नक्षी. वळणावळणाला माकडांची कुटुंबं बसलेली. त्यांतल्या आया पोरांना पोटाशी धरून अशा काही नजरेनं आपल्या पिशव्यांकडे बघतात की आपणच पिशवीचं तोंड आवळतो. पुढे उसासे टाकत चढणारा ट्रक, मागे हॉर्न वाजवणारी एस्टी, आणि मधे आपण.

या घाटात आमची गाडी ओरडायला लागली होती.

आमची गाडी डिझेलवरची, चारही चाकांना जोर देणारी, उंच पायांची. शहरात तिचं काही काम नाही हे मी ह्यांना घेतानाच सांगितलं होतं. पण सासूबाईंचं माहेर पाटणच्या वरच्या अंगाला, पठारावरच्या एका वाडीत. एस्टी खालच्या गावापर्यंत. तिथून वर लाल मातीचा चढ. सासूबाईंचे गुडघे आता तो चढत नाहीत, आणि साधी मोटार पावसाळ्यात तिथे रुतते. तेव्हा वर्षातून दोन वेळा का होईना, ही गाडी तिच्या जातीला जागते.

२०२४च्या नवरात्रात सासूबाईंना माहेरच्या देवीची ओटी भरायला जायचं होतं. थोरले भाऊ ऐंशीच्या पुढचे. त्यांचा निरोप दोनदा आला होता, “अक्का, या साली तरी ये.” गणपतीत जायचं ठरलं आणि गाडीच्या आवाजामुळे राहिलं. पितृपक्ष संपता संपता पुन्हा ठरलं आणि पुन्हा तेच. सासूबाई बोलल्या काही नाहीत, पण ओटीचा खण कपाटातून काढून ठेवलेला आणि परत आत ठेवलेला मी पाहिला होता.

आवाज असा, की हे दुसऱ्या गिअरातून तिसऱ्यात टाकायला पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचे, क्लच दाबायचे, आणि इंजिन खाली बसायच्या ऐवजी “घूंऽऽ” करून वर उठायचं. दोन क्षण, कधी तीन. समोरच्या तबकडीतला फेऱ्यांचा काटा टणकन उडी मारायचा आणि मग काही झालंच नाही अशा थाटात खाली यायचा. पायाखाली काही नाही आणि इंजिन आपणहून रेस घेतंय, हे एका बाजूला दरी असताना ऐकायला बरं वाटत नाही. मागे बसलेल्या आमच्या लेकीनं तर कान झाकून घ्यायला सुरुवात केली होती.

आमच्या नेहमीच्या गॅरेजात दाखवलं. तिथल्या माणसानं एक चक्कर मारली आणि निदान सांगून टाकलं: क्लच प्लेट संपली, पूर्ण सेट बदला, फ्लायव्हीलही उघडल्यावर बघू. खर्च पाच आकडी, आणि पहिला आकडा एकही नव्हे. मुंबईहून धाकट्या दिरांचा फोन आला. त्यांनी न बघताच टर्बो गेला असं ठरवलं आणि गाडी विकून टाकायचा सल्ला दिला. शेजारचे म्हणाले, डिझेलमध्ये पाणी आहे. गाडी दुखायला लागली की आजारी माणसासारखंच होतं, येणारा जाणारा औषध सांगून जातो.

घरात बाजूला काढलेले पैसे होते, पण ते सासूबाईंच्या मोतीबिंदूचे. ह्यांनी रात्री हिशेबाची वही उघडली आणि बराच वेळ मिटलीच नाही.

मला गाडीतलं शास्त्र फारसं येत होतं असं नाही. पण गिरणीत दळण घेऊन उभं राहणं लहानपणापासून झालेलं. जुन्या पट्ट्याच्या गिरणीत पट्टा सैल झाला की काय होतं ते आठवून बघा. मोटार तर जोरात फिरते, आवाज चढतो, आणि जातं मात्र मंद होतं. पीठ जाडं पडतं. मग गिरणीवाला पट्ट्याला राळ लावतो. शिवणयंत्राचंही तसंच, पट्टा घसरला की पायटा भराभर फिरतो आणि सुई जागच्या जागी. गाडीतला क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यामधला असाच एक दुवा. पेडल दाबलं की दुवा सुटतो, इंजिन मोकळं फिरतं. पेडल सोडलं की दोन थाळ्या एकमेकींवर दाबून बसतात आणि इंजिनाचा जोर चाकांकडे जातो. थाळीचं अस्तर झिजलं की ती पट्ट्यासारखी घसरते.

आता यात मला एक गोष्ट खुपत होती. पट्टा घसरायचा तर तो लावलेला असताना घसरणार ना? काढून ठेवलेला पट्टा घसरेल कसा? आमची गाडी ओरडायची ती क्लच दाबलेला असताना, म्हणजे दुवा सुटलेला असताना. तेव्हा थाळी नवी असली काय आणि झिजलेली असली काय, तिचा संबंधच कुठे येतो? मी ह्यांना विचारलं. हे आधी म्हणाले, “तू शाळेतल्यासारखं विचारतेस.” पण मग गप्प झाले. हे गप्प झाले म्हणजे विचार करतात, हे बारा वर्षांत मला कळलेलं आहे.

मग आम्ही एक केलं. हे गाडी चालवणार आणि मी शेजारी वही घेऊन बसणार. चार दिवस बाजारात, शाळेत, खेर्डीला जाता येता मी लिहीत गेले. गिअर कुठून कुठे टाकला, आवाज क्लच दाबल्यावर झाला की सोडल्यावर, धूर होता का, वास आला का, एसी चालू होता का, सकाळ की दुपार, पाऊस की ऊन. मुलांच्या हजेरीपटापेक्षा हे काम काही अवघड नव्हतं. चौथ्या दिवशी पानं चाळली तर तीन गोष्टी स्वच्छ दिसल्या. आवाज दर वेळी क्लच खाली असतानाच होता, सोडल्यावर एकदाही नाही. जळका वास कधीच नव्हता. आणि ओल्या सकाळी आवाज हमखास, कोरड्या दुपारी क्वचित.

इथे एक सांगून ठेवते. वरचा गिअर टाकताना इंजिनाचे फेरे उतरले पाहिजेत. खालचा गिअर टाकून क्लच सोडला की मात्र ते चढणारच, ते गाडीचं दुखणं नव्हे. घाटात तिसऱ्यातून दुसऱ्यात आलं की गाडी गुरगुरते ती चढाला जोर देण्यासाठी. पुष्कळ बायका नव्यानं गाडी शिकतात आणि या गुरगुरण्याला घाबरतात, म्हणून लिहिलं.

क्लच धड आहे की नाही याची खात्री घाटात करायची नाही. आम्ही रविवारी सकाळी शिरगावच्या अलीकडे, मोकळा सपाट रस्ता बघून केली. गाडी चाळीस-पन्नासच्या वेगात, वरच्या गिअरात, आणि मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. थाळी घसरत असेल तर इंजिनाचा काटा पळतो आणि वेगाचा काटा मागे रेंगाळतो. आमचे दोन्ही काटे भावंडांसारखे बरोबर चढले. दुसरी परीक्षा गाडी उभी करून घेतली. समोर मोकळी जागा, हँडब्रेक ओढलेला, तिसरा गिअर, आणि क्लच सावकाश सोडला. धडका क्लच इंजिनाला बंद पाडतो. इंजिन फिरत राहिलं तर थाळी गेली समजावं. आमचं इंजिन एक धक्का देऊन गप्प बसलं. ही परीक्षा एकदाच घ्यायची हं, पुन्हा पुन्हा घेऊन चांगल्या थाळीलाही त्रास होतो.

ह्यांनी घरी येऊन सांगितलं, “आई, उद्या निघू.” सासूबाईंनी खण पुन्हा बाहेर काढला.

पोफळीपाशी आलं की मला दर वेळी डोंगराच्या पोटातलं पाणी आठवतं. कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला जाणारं, पण डोंगर पोखरून ते बोगद्यांतून पश्चिमेला वळवलंय, आणि इथे भूगर्भातल्या वीजघरात ते जनित्रं फिरवतं. कोयना प्रकल्पाची सगळी वीजघरं मिळून १९६० मेगावॅट. ते पाणी मग आमच्या वाशिष्ठीला येऊन मिळतं. एकदा शाळेच्या सहलीच्या वेळी तिकडच्या एका निवृत्त तंत्रज्ञानं मुलांना सांगितलं होतं की जनित्रावरचा विजेचा भार अचानक सुटला तर चाक बेफाम पळू लागतं, म्हणून भार सुटल्याची बातमी लागताच पाण्याची दारं आवळणारी यंत्रणा असते. बातमी पोचली नाही तर? असं एका मुलानं विचारलं होतं. त्यावर ते नुसते हसले होते. घाटाच्या पायथ्याशी त्या दिवशी मला तो प्रश्न आठवला आणि डोक्यात कुठेतरी अडकून बसला.

घाट चढताना गाडी पाच वेळा ओरडली. मी वहीत पाच रेघा मारल्या. पण आता भीती निम्मी झालेली होती. थाळी धरते आहे, ब्रेक धरतात, पाय उचलल्यावर इंजिन दोन क्षणांत खाली येतं, हे माहीत होतं. हे वळणं संथ घेत होते आणि गिअर कमीत कमी बदलत होते. दुसऱ्यात टाकून द्यायचं आणि चढ संपेपर्यंत तिथेच राहायचं.

हेळवाक ओलांडून कोयनानगरला चहाला थांबलो. धुकं इतकं की समोरच्या टपरीतली शेगडी तेवढी लाल दिसत होती. सासूबाईंनी बशीत चहा ओतला आणि आपणहून १९६७ सालची गोष्ट काढली. ११ डिसेंबरची पहाट, त्या तेरा वर्षांच्या, पाटणजवळ मावशीकडे राहिलेल्या. “हादरा मागनं आला, आधी आवाज आला,” त्या म्हणाल्या. “जमिनीच्या पोटात कुणीतरी जातं ओढतंय असा. मावशीनं तो ऐकला आणि आम्हाला ओढून अंगणात आणलं. मग भिंत पडली.” मुलांच्या हातातली बिस्किटं चहात विरघळून गेली. आमचं कोयनानगरला थांबणं नेहमीचं, पण ही गोष्ट त्यांनी आजवर सांगितलेली नव्हती.

पाटणला ह्यांच्या मामेभावाच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री आहेत. पत्र्याची शेड, भिंतीवर हळदीकुंकू वाहिलेले पाने, आणि दारात दोन जुन्या जीपगाड्या. पण कोपऱ्यात संगणकाला लावायचा स्कॅनरही होता, त्यांच्या मुलानं आणलेला. मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही आधी. हात पुसत विचारलं, “ओरडते कधी?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वही पुढे केली.

त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. “वहिनी, एवढं सांगून कुणी येत नाही,” म्हणाले. “लोक येतात आणि म्हणतात, गाडी बिघडली.”

मग त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. स्वस्तातल्या गोष्टी आधी, महागातल्या शेवटी. आमच्या आजीचं खर्च करण्याचं सूत्र तेच होतं. पहिल्यांदा खाली वाकून पायाखालची रबरी चटई बघितली. चटई सरकून ॲक्सिलरेटरच्या पेडलवर चढली तर पाय उचलूनही पेडल दाबलेलं राहतं. घाटात असं झालं तर जिवावरचं. कुठल्याही बाईनं गाडीत बसताच हे स्वतः वाकून बघावं, त्याला मिस्त्री लागत नाही. आमची चटई जागेवर होती. पेडल हातानं दाबून सोडलं, टपकन वर आलं. जुन्या गाड्यांत पेडलपासून पंपापर्यंत तारेची केबल असते. तिच्यात माती गेली, धागे उसवले किंवा मागे खेचणारी स्प्रिंग ढिली झाली की ती अडकते आणि इंजिन रेस धरून ठेवतं. इंजिन बंद असताना एकानं पेडल दाबायचं आणि एकानं बॉनेटखाली बघायचं, दांडी पूर्ण मागे येते का. आमच्या गाडीला केबलच नाही. पेडल किती दाबलं ते विजेच्या तारेनं इंजिनाच्या संगणकाला कळतं.

मग तेलाची पट्टी काढून बघितली. तेल वरच्या खुणेच्या वर नव्हतं. धूर बघितला. याबद्दल मिस्त्री जे बोलले ते मी तिथल्या तिथे लिहून घेतलं, कारण ते सगळ्यांना माहीत असायला हवं. टर्बोच्या सीलमधून इंजिनातलं तेल हवेच्या वाटेत शिरलं, किंवा इंजिनात तेल प्रमाणाबाहेर भरलं, तर डिझेल इंजिन स्वतःचंच तेल जाळू लागतं. पाय उचललेला असतो, आणि फेरे चढतच जातात, मागे निळसर पांढऱ्या धुराचा लोट. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबून तापवायची आणि त्यात तेल आलं की पेट घेतं. म्हणून किल्ली काढली तरी ते थांबत नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबायचा, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन गुदमरवून बंद पाडायचं. तेवढं सुधरलं नाही तर सगळ्यांनी उतरून लांब व्हायचं. हवेच्या नळीच्या तोंडावर हात ठेवायला कुणी जाऊ नये, ती ओढ भयंकर असते. दिरांनी टर्बो म्हटलं ते अगदीच हवेत नव्हतं म्हणायचं. पण टर्बोचा ओरडा दोन क्षणांत शहाण्यासारखा खाली येत नाही, आणि आमच्या मागे धूरही नव्हता.

डिझेलमधल्या पाण्याचं काय, असं ह्यांनी विचारलं. मिस्त्री म्हणाले, पाणी किंवा हवा गेली तर गाडी उभी असतानाही इंजिन वरखाली डुलतं, झोके घेतल्यासारखं, आणि चढाला जोर पडतो कमी. “तुमची एका जागी तर तांब्या ठेवावा अशी स्थिर आहे.”

एवढं झाल्यावर त्यांच्या मुलानं स्कॅनरची तार स्टिअरिंगच्या खालच्या खोबणीत लावली. पडद्यावर अक्षरं उमटली. मिस्त्रींनी मला चालकाच्या जागेवर बसवलं. ह्यांना नव्हे, मला. “वहिनी, क्लच दाबा.” मी दाबला. पडद्यावर लिहिलेलं, क्लच दाबलेला नाही. “सोडा. पुन्हा दाबा.” तेच. पाचव्या खेपेला एकदाचं दाबला म्हणून दाखवलं, आणि सहाव्याला पुन्हा नाही.

क्लचच्या पेडलच्या मुळाशी अंगठ्याएवढा एक स्विच असतो. पेडल हललं की तो संगणकाला निरोप देतो. आणि हा निरोप कशाला, तर आतल्या माणसांच्या सुखासाठी. गिअरात असताना ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर गाडीला हिसका बसू नये म्हणून संगणक डिझेल हळूहळू कमी करतो. पण क्लच दाबला गेला, ओझं सुटलं, असा निरोप आला की तो डिझेल तात्काळ आवळतो. निरोप आलाच नाही तर त्याला वाटतं, गाडी अजून गिअरात आहे. तो आपला सावकाश कमी करत बसतो, आणि ओझं सुटलेलं इंजिन तेवढ्या डिझेलवर उडी मारतं. पोफळीच्या जनित्राबद्दल त्या मुलानं विचारलेला प्रश्न हाच होता की!

मिस्त्रींच्या मुलानं उताणं झोपून स्विच काढला. त्याच्या जोडाच्या पितळी टोकांवर हिरवट बुरशी, आणि खाचेत वाळलेला बारीक करडा गाळ. त्यानं तो नखानं खरवडून आम्हाला दाखवला आणि विचारलं, “गाडी पाण्यात होती का कधी?”

होती. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा आमची गाडी उंचावर म्हणून जिथे लावली होती तिथेही पाणी सीटच्या खालपर्यंत आलं होतं. इंजिनात गेलं नाही म्हणून आम्ही देवाचे आभार मानले, आतून धुतली, कोरडी केली, गाद्या उन्हात घातल्या. घरातला गाळ तर कपाटांच्या बिजागऱ्यांतून, देव्हाऱ्याच्या नक्षीतून दोन वर्षं निघत राहिला. चिपळूणकरणींना हे सांगायला नको. पेडलच्या मुळाशी त्यातलाच चिमूटभर तीन वर्षं दबा धरून बसला होता, आणि ओल्या सकाळी हवेतला दमटपणा मिळाला की निरोप अडवत होता.

ज्यांच्या गाड्या पुरात भिजल्या, किंवा ज्या जुनी गाडी घेताना ती भिजलेली होती की नाही विचारायचं विसरतात, त्यांनी एवढं करावं. पेडलांच्या खालचे, सीटच्या खालचे तारांचे जोड एकदा उघडून बघायला सांगावं. गाडी चालते म्हणजे ती बरी झाली असं नाही.

स्विच पाटणच्या दुकानात नव्हता, कराडहून येणाऱ्या एस्टीतून मागवला. तासाभरात आला. तोवर मिस्त्रींच्या सुनेनं मुलांना पोहे खाऊ घातले. किंमत हजाराच्या आत. मजुरीचं विचारलं तर मिस्त्री म्हणाले, “तपासणीचं काम निम्मं वहिनींनी केलंय, निम्मी द्या.” हे पूर्ण देऊ लागले तेव्हा त्यांनी घेतली, पण थोडे कुरकुरले.

एक शंका मी विचारून घेतली. नव्या डिझेल गाड्यांत फेरे उतरायला थोडा वेळ लागतोच का? तर म्हणाले, काही गाड्यांत लागतो. धूर कमी व्हावा म्हणून कंपन्याच तशी योजना करतात. काटा रेंगाळला तर घाबरू नये, काटा वर उडाला तर दाखवावी. आणि आपल्या गाडीची सवय गाडी धडधाकट असतानाच कानात भरून ठेवावी.

पाटणहून सडावाघापूरच्या बाजूला रस्ता चढतो. वनकुसवड्याच्या पठाराकडे पवनचक्क्यांच्या पात्या ढगात शिरत होत्या आणि बाहेर येत होत्या. पावसाळ्यात या कड्यावर वाऱ्यानं धबधबा उलटा उडतो म्हणून बघायला झुंबड उडते. त्या दिवशी वारा बेताचा होता आणि माणसं तुरळक. डांबर संपलं तिथे हे थांबले, दुसरी छोटी दांडी ओढून गाडी चारही चाकांच्या संथ गिअरात घातली. लाल चिखलात ती बैलासारखी मान खाली घालून चढू लागली. एका खाचेशी पुन्हा गिअर बदलावा लागला. क्लच खाली गेला तसं इंजिन हुंकार टाकून खाली बसलं. लेकीनं सवयीनं कानावर हात नेले होते, ते तिनं काढले.

सासूबाई खिडकीला नाक लावून एकेक घर ओळखत होत्या. हे सुताराचं. हे पडलेलं, इथे पूर्वी आंबा होता. पारावर दोनचार म्हातारी माणसं बसलेली, त्यांतलं एक काठी टेकत उठायला लागलं.

“थांबव रे, इथेच थांबव,” त्या म्हणाल्या आणि गाडी पुरती थांबायच्या आत दाराची कडी शोधायला लागल्या.